कोंबडा छाप डबी

प्रश्न : आमचा तिळभांडेश्वर गल्लीतला वाडा पाडायचा ठरलाय. माळा रिकामा करताना आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत तळहातावर मावेल एवढी काळी गोल डबी सापडली. आत फिल्म आहे, पण रुंदीला जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. भोकं कडेला नाहीत, दोन चित्रांच्या मध्ये बरोब्बर मधोमध एकेक आहे. डबीवर कोंबडा आहे. माझा भाचा म्हणतो, भोकं चुकीच्या जागी पडलेला हा बाद माल असणार. भंगारवाला वीस रुपये देतोय. देऊन टाकू का?
– एक गृहिणी, जुने नाशिक

उत्तर : ताई, देऊ नका. आणि भाच्याला रागावूही नका, कारण १९८४ साली मी स्वतः हेच बोललो होतो.

तेव्हा मला थिएटरच्या प्रोजेक्टर-केबिनमध्ये लागून सहाच वर्षं झाली होती. रविवार कारंजाजवळ राहणारे एक डॉक्टर पिशवीत घालून एक मशीन घेऊन आले. शिवणयंत्राचं मुंडकं असतं ना, त्याहूनही लहान. बाजूला फिरवायचा दांडा, वर तुमच्यासारखीच डबी बसवायची खाच. मी फिल्म बोटावर घेऊन पाहिली आणि ऐटीत सांगितलं, "डॉक्टरसाहेब, परफोरेशन चुकलंय." माझे वस्ताद प्रोजेक्टरच्या दिव्यातले कार्बन बदलत होते. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "फिल्म शहाणी आहे, तू गप बस."

ही फिल्म साडेनऊ मिलिमीटरची. पाथे नावाच्या फ्रेंच कंपनीनं ती डिसेंबर १९२२ मध्ये, नाताळचा बाजार धरून, पॅरिसमध्ये आणली. मशीनचं नाव पाथे-बेबी. कोंबडा ही त्या कंपनीची निशाणी.

भोक मधोमध का, तर जागा वाचवायला. आम्ही थिएटरात चालवायचो त्या पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीला दोन्ही कडांना भोकांच्या रांगा असतात, म्हणजे रुंदीतली बरीच जागा भोकांनाच जाते. पाथेच्या लोकांनी कडा मोकळ्या केल्या आणि दोन चित्रांमधल्या रेघेवर एकच भोक ठेवलं. त्यामुळे चित्र जवळजवळ पट्टीभर रुंद मिळालं. पट्टी साडेनऊची, पण चित्र सोळा मिलिमीटरच्या फिल्मवरच्या चित्राच्या आसपास जाणारं. तोटाही तिथेच आहे. मशीनमधलं नख भोकात शिरून पट्टी एकेक चित्र खाली ओढतं. ते चुकलं तर ओरखडा कडेला जात नाही, नटाच्या छातीवरून जातो.

दुसरी गंमत तुम्हाला बोटानं चाचपता येईल. पट्टीची कड हलक्या हातानं तपासा. मध्येच उंदरानं कुरतडल्यासारखी बारीक खाच लागेल. ती उंदराची नव्हे. मूकपटात मजकुराची पाटी येते, आणि वाचायला वेळ द्यायचा तर तीच पाटी शेकडो चित्रं छापावी लागते. डबीत फिल्म नऊ-दहा मीटर, चालते दीडेक मिनिट. पाट्यांनीच ती संपली असती. म्हणून पाटीची दोन-चार चित्रंच छापायची आणि कडेला खाच मारायची. मशीनमधला खटका त्या खाचेत पडला की तुम्ही दांडा फिरवत राहता, पण पट्टी जागच्या जागी थांबते. काही सेकंदांनी आपोआप पुढे निघते.

डॉक्टरांच्या मशीनवर वस्तादांनी ते मला करून दाखवलं. केबिनच्या चुन्याच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढं चित्र पडलं होतं. एक जाडा माणूस कुत्र्यामागे पळत होता. तेवढ्यात खट्ट झालं, पाटी आली आणि थांबली. मजकूर फ्रेंच. आम्हा तिघांनाही काडीचं कळत नव्हतं, तरी तिघंही ती सरकेपर्यंत अदबीनं उभे होतो.

आता डबीचं काय करायचं ते. ही फिल्म घरात चालवण्यासाठीच केलेली, म्हणजे न भडकणारी. जुन्या थिएटरच्या नायट्रेट फिल्मसारखी ती पेट घेत नाही, तेव्हा घाबरू नका. नाकाला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर मात्र ती आतून सडायला लागली आहे असं समजा आणि बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा. ओढून उलगडू नका. तेल लावू नका. ऊन तर अजिबात दाखवू नका. (आपल्याकडे ऊन हे कुरडयांपासून गादीपर्यंत सगळ्यावर औषध, म्हणून मुद्दाम लिहितोय.) कागदी पाकिटात घालून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा आणि पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका. ते १९६४ पासून हेच काम करतात.

किंमत विचारलीत म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या केविन ब्राउनलो नावाच्या शाळकरी मुलाला अशाच साडेनऊच्या फिल्मची दोन रिळं मिळाली. आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकानं १९२७ साली नेपोलियनवर काढलेल्या प्रचंड मूकपटाचे घरगुती तुकडे होते ते. मूळ चित्रपटाची तोवर कापाकापी होऊन वाट लागली होती. त्या दोन रिळांपायी मुलगा वेडा झाला. जगभरातून तुकडे गोळा करत राहिला आणि १९७९-८० मध्ये तो चित्रपट पुन्हा कित्येक तासांचा होऊन पडद्यावर आला. तुमच्या डबीत एखाद्या जाड्या माणसामागचं कुत्रंच निघेल, पण ते वीस रुपयांना द्यायचं नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजात शिकवतात की सिनेमाचा धंदा म्हणून विचार पहिल्यांदा अमेरिकेनं केला. तुम्ही मागच्या एका उत्तरात याच्या उलट, म्हणजे फ्रान्सनं केला असं, लिहिलं होतं. नेमकं काय?
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : वरच्या उत्तरातला कोंबडाच पुन्हा धरू.

शार्ल पाथे हा डुकराच्या मांसाचं दुकान चालवणाऱ्या आईबापांचा मुलगा, जन्म १८६३. कला-बिला काही नाही. १८९४ मध्ये पॅरिसजवळ व्हँसेनच्या जत्रेत त्यानं एडिसनचा फोनोग्राफ पाहिला. लोक पैसे देऊन, कानात नळ्या घालून आवाज ऐकत होते. यानं तसलंच एक यंत्र विकत घेतलं आणि जत्रेजत्रेतून फिरायला लागला. आपल्याकडे यात्रेत बायस्कोपची पेटी घेऊन माणूस बसायचा ना, तसाच. गाठीला पैसे जमल्यावर १८९६ मध्ये भावांना घेऊन 'पाथे फ्रेर', म्हणजे 'पाथे बंधू', ही कंपनी काढली. पुढे सिनेमा शार्लकडे आणि तबकड्या-फोनोग्राफ एमिलकडे अशी वाटणी झाली. एमिलच्या तबकड्याही भावासारख्याच वाकड्या वाटेनं जाणाऱ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच कडेकडून आत न वाजता आतून बाहेर वाजायच्या.

सिनेमाचा शोध आपण लावला नाही, त्याचा कारखाना मात्र आपण केला, असं शार्ल स्वतःबद्दल म्हणायचा. त्यात खोटं नाही. १९०२ मध्ये त्यानं सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या ल्युमिएर बंधूंची पेटंटं विकत घेतली. कॅमेरे स्वतःचे, प्रोजेक्टर स्वतःचे, स्टुडिओ स्वतःचा, प्रिंटा धुण्याचा कारखाना स्वतःचा, पुढे कच्ची फिल्मही स्वतःची आणि देशोदेशी शाखा. रंगीत चित्रंसुद्धा कारखान्यातच व्हायची. बायका ओळीनं बसून प्रत्येक रंगासाठी फिल्मच्या एकेका चित्रातून नेमका तेवढाच आकार कापून काढायच्या. कापलेली ती पट्टी प्रिंटवर ठेवायची आणि मखमलीच्या फितीनं रंग फिरवायचा. तीन रंग हवेत तर तीन पट्ट्या कापायच्या. रांगोळीचा छाप फिरवतो ना, तेच तत्त्व, फक्त नखाएवढ्या चित्रावर आणि हजारो वेळा.

आणि चोरी! त्या काळी कोणीही एक प्रिंट विकत घ्यायचा, तिच्यावरून निगेटिव्ह काढायचा आणि स्वतःच्या नावानं प्रिंटा विकायचा. यावर पाथेनं काय करावं? सेटच्या भिंतीवरच कोंबडा चिकटवला. कथा कुठलीही असो, नटांच्या मागे भिंतीवर छोटा कोंबडा. पाटी कापता येईल, भिंत कशी कापणार? मला हे ऐकल्यावर आमच्याकडच्या स्टीलच्या भांड्यांची आठवण झाली. लग्नात आलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव मशीननं कोरून टाकतात, मग शेजारणीला नेऊन आपलंच म्हणता येत नाही.

पण माझ्या मते पाथेचा सगळ्यात मोठा डाव १९०७ चा आहे आणि पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. तोपर्यंत फिल्म कापडासारखी मीटरवर विकली जायची. खेळवाला ती विकत घ्यायचा आणि चिंध्या होईस्तोवर दाखवायचा. पाथेनं जाहीर केलं की यापुढे आम्ही फिल्म विकणार नाही, भाड्यानं देऊ. भाडं भरा, दाखवा, परत करा. जत्रेतले फिरते खेळवाले यात मेटाकुटीला आले, पक्की थिएटरं जगली, कारण दर आठवड्याला नवा माल मिळायला लागला.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय. मी एकतीस वर्षं त्या भाड्यावर जगलोय. मुंबईहून पत्र्याच्या पेट्या यायच्या, पेटीवर शेवटच्या शोनंतर परत करायची तारीख. एकदा आमच्या मालकानं आणि गावातल्या दुसऱ्या एका थिएटरनं मिळून एकच प्रिंट भाड्यानं घेतली. आमचं पहिलं रीळ संपलं की पोरगा सायकलवर टाकून ते तिकडे पळवणार, असा बेत. चौथं रीळ शालिमार चौकाच्या गर्दीत अडकलं. इकडे आमच्याकडून ते निघून पाऊण तास झालेला, तिकडे पडदा पांढरा. लोकांनी खुर्च्या मोडल्या आणि त्या खुर्च्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, का ते मला अजून कळलेलं नाही, मी तर माझ्या केबिनमध्ये होतो. असो. एक प्रिंट, अनेक पडदे आणि प्रत्येक पडद्याकडून भाडं, हे गणित त्या जत्रेतल्या माणसाचं आहे.

मग अमेरिका पुढे कशी गेली? पहिलं महायुद्ध. १९१४ मध्ये फ्रान्समधली माणसं आघाडीवर गेली, चित्रपट काढणं थंडावलं आणि जगाचा बाजार अमेरिकनांनी उचलला. युद्धानंतर शार्लनं सरळ दुकान आवरतं घ्यायला सुरुवात केली. फोनोग्राफ वेगळा काढला, १९२७ मध्ये फिल्मचा कारखाना कोडॅकबरोबर भागीदारीत घातला, १९२९ मध्ये उरलेलं बेर्नार नातान नावाच्या माणसाला दिलं आणि स्वतः माँटे कार्लोला जाऊन राहिला. १९५७ पर्यंत जगला. मला हे फारसं आवडत नाही, पण चढत्या भावात विकून बाहेर पडणारा व्यापारी असाच असतो.

नातानचं मात्र वाईट झालं. रुमानियातून आलेला ज्यू. त्यानं बोलपटाचे स्टुडिओ उभारले, थिएटरं वाढवली. मंदीत कंपनी बुडाली, १९३८ मध्ये त्याला अफरातफरीच्या आरोपाखाली अटक झाली. तो तुरुंगात असतानाच जर्मनांनी फ्रान्स घेतला. त्याचं नागरिकत्व काढून घेतलं आणि १९४२ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनीच त्याला जर्मनांच्या हवाली केलं. ऑशवित्झला गेला तो गेलाच. त्यानंतर कित्येक वर्षं इतिहासात तो 'पाथे बुडवणारा लुच्चा' म्हणूनच राहिला. त्याचा पॅरिसमधला स्टुडिओ होता तिथे आज फ्रान्सची सरकारी चित्रपटशाळा भरते.

प्रश्न : दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांचा कॅमेरा पाथेचाच होता असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का?
– एक निवृत्त शिक्षक, त्र्यंबक रोड

उत्तर : नाही सर. फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. इंग्लिश माल. उगाच कोंबडा बसवायला नको.

जुळवायचंच असेल तर भोकांवरून जुळवा. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची, तिला भोकं आपली आपण पाडायची. फाळक्यांनी त्याचं यंत्रही लंडनहूनच आणलं. दादरच्या घरात अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री हे. एक भोक तिरकं पडलं तर पडद्यावर अख्खा राजा हरिश्चंद्र उड्या मारणार. ३ मे १९१३ ला गिरगावात तो चित्रपट लागला तेव्हा राजा सरळ उभा होता, यात त्या माउलीचा वाटा किती, ते ज्यानं प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फिल्म लावली आहे त्यालाच कळेल. त्यानंतर फाळके नाशिकला आले, १९१८ मध्ये इथे हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी देह ठेवला तोही नाशिकलाच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पोरांना घेऊन जाल तेव्हा सरस्वतीबाईंची ही भोकांची गोष्ट तेवढी सांगा.

प्रश्न : गोमाँ आणि पाथे एकच का? आणि या कंपन्या अजून आहेत?
– एक वाचक, सिडको

उत्तर : एक नाहीत, सख्खे शेजारी म्हणा. गोमाँ एक वर्षानं मोठी, १८९५ ची. लेओँ गोमाँनं कॅमेऱ्यांच्या दुकानातून सुरुवात केली. निशाणी डेझीचं फूल, कारण त्याच्या आईचं नाव मार्गरीत, आणि फ्रेंचमध्ये त्या फुलालाही मार्गरीतच म्हणतात. त्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार पाहणारी आलिस गी नावाची मुलगी होती. तिनं साहेबांना विचारलं, ऑफिसचं काम सांभाळून मी एखादी गोष्ट चित्रित करू का. साहेब हो म्हणाले. १८९६ पासून दहाएक वर्षं गोमाँच्या चित्रपटांचा कारभार तिनंच पाहिला, आणि जगातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून तिचंच नाव घेतात. पुढे अमेरिकेत जाऊन तिनं स्वतःचा स्टुडिओ काढला.

दोन्ही कंपन्या आहेत. शंभर वर्षं एकमेकींवर डोळे वटारून झाल्यावर २००१ मध्ये त्यांनी आपली थिएटरं एकत्र केली आणि २०१७ मध्ये गोमाँनं त्यातला आपला वाटा पाथेला विकला. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या मुलाचा तो ऑस्करवाला 'स्लमडॉग मिलियनेअर' इंग्लंडात प्रदर्शित केला तो पाथेनंच. कोंबड्या खुराड्यातून पळतात तो मातीच्या बाहुल्यांचा चित्रपट नातवंडांनी पाहिला असेल, त्यातही पाथेचा पैसा होता. कोंबडा छाप कंपनीनं त्यात पैसा घालावा हे मला फार योग्य वाटलं.

प्रश्न : उच्चार पाथे, पॅथे की पाते?
– तोच वाचक, सिडको

उत्तर : फ्रेंच माणूस 'पाते' म्हणेल. मराठीत 'पाथे' चालतं. आमचे वस्ताद शेवटपर्यंत 'पाठे' म्हणायचे आणि कोणीतरी विदर्भाकडचा मराठी माणूस पॅरिसला जाऊन कारखानदार झाला अशी त्यांची पक्की समजूत होती. मी एकदा दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, "तू गेला होतास का बघायला?" डॉक्टरांचं ते मशीन आम्ही चार दिवसांनी परत केलं तेव्हाची पावती डॉक्टरांच्या मुलानं मला परवा दाखवली. वस्तादांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : पाठे यांचे मशीन, स्प्रिंग बदलली, ३५ रुपये.